सारवाले कोन होतं?

ताकसांडे बाईंबरोबर संग्रहालय बघायला जाऊ नका, असं मी आमच्या सिंदी मेघेतल्या निदान दहा घरांत सांगितलं असेल. सगळ्यांनी ऐकलं. न ऐकणारा मी एकटाच निघालो. बाई आमच्या शेजारी राहत, त्यांच्याकडे गाडी नव्हती, माझ्याकडे होती, आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला रविवारी असं काय काम असतं, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्या बायकोने, मंगलाने, एकदा उत्तर द्यायचा प्रयत्न केला. "त्यांले आज दळण आनाचं हाये," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "वाटेत गिरणी हाये ना. थांबू." थांबलो. पिठाचा डबा डिकीत घालून आम्ही शेलूच्या पलीकडे एका शाळेने जमवलेली जुनी अवजारं बघायला गेलो आणि डबा दुपारभर उन्हात तापला. त्या पिठाच्या पोळ्या चार दिवस कडू लागत होत्या आणि त्याचं खापर चार दिवस माझ्यावर फुटत होतं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळांतून इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. बुटक्या, काटक, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात, नऊवारी नाही पण पाचवारीच अशी वर खोचलेली की खालचे कॅनव्हासचे बूट पूर्ण दिसावेत. खांद्याला शबनम. तिच्यात एक टॉर्च, शिंप्याची टेप, मऊ सुती फडकं, फुटाण्याची पुडी आणि लाल पेन. फडकं काचांसाठी. कपाटाची काच धुळकट असली की बाई रखवालदाराला हाक मारत नसत, स्वतःच पुसत, आणि रखवालदाराला ते हाक मारण्यापेक्षा जास्त लागे.

आम्हा वर्धेकरांची पाहुणे फिरवायची रीत ठरलेली आहे. सेवाग्राम दाखवायचं, पवनारला धाम नदीकाठी बसवायचं, परतताना गरम समोसा चारायचा आणि स्टेशनवर सोडून मोकळं व्हायचं. एकदा पुण्याहून माझे साडू सहकुटुंब आले. त्यांची दुपारची गाडी होती. बाई फाटकात उभ्याच होत्या. "एकच खोली दाखवते," म्हणाल्या, "रस्त्यातच हाये." एका जुन्या मालगुजाराच्या घरातली ती एकच खोली आम्ही दोन तास पाच मिनिटं पाहिली. प्रत्येक पाटी बाई वर्गात वाचावी तशी मोठ्याने वाचत. बाहेरगावचं एक कुटुंब त्यांना गाइड समजून आमच्यामागे लागलं, त्यातल्या आजोबांनी वहीत टिपणंसुद्धा घेतली. साडूंची गाडी गेली. ते आणखी एक रात्र आमच्याकडे राहिले आणि त्या रात्रीत घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. संध्याकाळी बाईंनी पाटोडीच्या भाजीचं पातेलं पाठवलं. भाजी फार चांगली झाली होती, त्याचाही मला राग आला.

बाई बघायच्या कसं, ते सांगायला हवं. आपण जुन्या घरात शिरलो की तसबिरी बघतो, झोपाळा बघतो, थोरामोठ्यांची खुर्ची, दौत, चष्मा, काठी बघतो. बाई आधी खाली बघत. उंबरा कुठे झिजलाय, मोरीचं पाणी कुठून जातं, मागचं दार किती रुंद आहे. मग टेप काढत. एका तालुक्याच्या गावी पाणी ठेवायचा दगडी ओटा होता, त्यावर तांब्याचे घंगाळ-हंडे मांडलेले, खाली पाटी: ‘घराण्याच्या वैभवाची साक्ष देणारी भांडी.’ बाईंनी ओट्याची उंची मोजली, हंड्याची मोजली, आणि तिथल्या तरुण गाइडला विचारलं, "हा हंडा भरून वर ठेवणारी बाई केवढी असेल?" तो म्हणाला, मॅडम, तशी नोंद नाही. "ओट्याच्या कडेला पाहा," बाई म्हणाल्या, "हंडा टेकवून टेकवून खळगा पडला आहे. तिच्याने तो एका दमात वर जात नसे. बुटकी होती. माझ्याएवढी." गाइडने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाईंना बांधून आणायला हवं होतं.

यात ओळखायची खूण एक होती. घरी, गाडीत, भाजीवाल्याशी बाई आपली वऱ्हाडी बोलत. समोर कोणी अधिकारी, चिटणीस, गाइड आला की एकदम छापील मराठी सुरू होई. ती छापील मराठी ऐकली की मी गाडीची किल्ली खिशात घट्ट धरत असे, कारण आता तासाभराची निश्चिंती.

प्रत्येक घरात शेवटी एकच प्रश्न. कोणाचंही घर असो, मालगुजाराचं, देशभक्ताचं, पुजाऱ्याचं. "इथं सारवाले कोन होतं?" माझ्याशी असा, गाइडशी, "येथे सारवण कोण करीत असे?" उत्तर कुठेच मिळालं नाही. कोणी म्हणे घरच्या बायका, कोणी म्हणे गडीमाणसं, कोणी हसून पुढच्या खोलीत नेई. नाव कोणी सांगितलं नाही. मग बाई अभिप्राय वहीकडे वळत. लोक तिच्यात ‘छान’, ‘खूप छान’, ‘माहितीपूर्ण’ असं लिहितात. मीही ‘छान’च लिहीत आलो. बाई समास सोडून, आकडे घालून, लाल पेनने पानभर लिहीत. नंतर मागची पानं उलटून, गेल्या खेपेच्या आपल्या अभिप्रायाला कोणी उत्तर लिहिलंय का ते बघत. अभिप्रायाला उत्तर कोण लिहितं? हे मी त्यांना किती वेळा म्हणालो. त्या म्हणत, "मंग वही काऊन ठेवते?"

आणि हे सगळं रखवालदार किल्ल्या वाजवेपर्यंत. बंद व्हायच्या वेळेआधी ताकसांडे बाई कुठल्याही घरातून बाहेर पडल्या, असं मी पाहिलेलं नव्हतं. तीनदा आम्ही गिरडला दर्ग्यावर जायला म्हणून निघालो, मंगलाचा नवस होता. दोनदा वाटेतच संध्याकाळ झाली.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. जिल्ह्यातलं एकही जुनं घर बाईंनी सोडलं नव्हतं, पण आमच्यापासून वीस मिनिटांवर एका गावात वकीलसाहेबांचं घर आहे, तिकडे त्यांनी मला कधी नेलं नाही. वकीलसाहेब म्हणजे स्वातंत्र्याच्या चळवळीतले, तुरुंगात जाऊन आलेले, खादी घालणारे. त्यांच्यामागे गावाने ते मातीचं घर जसंच्या तसं जपलं आहे, एक समिती आहे, वर्षाला कार्यक्रम होतो. मीच एकदा म्हणालो, बाई, एवढं जवळ आहे, ते एकदा उरकून टाकू. बाई म्हणाल्या, "पाहू." ‘पाहू’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

मग एका रविवारी सकाळी आठला बेल वाजली. "भाऊ, दुपारून वकीलसाहेबाकडे जाऊ आज."

त्या घरात बाई ओसरीत थांबल्या नाहीत. खुर्ची, चरखा, तुरुंगातली पत्रं, काही न बघता थेट स्वयंपाकघरात गेल्या. तिथे चुलीच्या वर एक पाटी होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली नाही, म्हणून मलाच वाचावी लागली: ‘वकीलसाहेब अस्पृश्यता मानत नसत. त्या काळीही त्यांचे स्वयंपाकघर सारवण्यासाठी एक हरिजन भगिनी येत असे.’

बाईंनी ‘भगिनी’ या शब्दाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "भगिनी म्हनते, अन् बहिणीचं नाव मालूम नाई."

मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे, नाव कोणाला माहीत असणार.

"मले मालूम हाये. माही माय हाये ते."

त्यांच्याबरोबर एवढी वर्षं हिंडलो आणि हे मला माहीत नव्हतं. बाईंनी तिथेच, उंबऱ्याशी उभं राहून सांगितलं. पाच-सहा वर्षांच्या असताना त्या मायबरोबर येत, याच उंबऱ्यावर बसून राहत. माय आत खाली बसून सारवायची, भिंती कमरेपर्यंत आणि मग जमीन. छप्पन साली घरच्यांनी दीक्षा घेतली आणि मायने हे काम सोडलं. वकीलसाहेब स्वतः वस्तीत बोलवायला आले होते. माय म्हणाली, आता मी नाई येत. साहेबांनी मान डोलावली आणि गेले. "मानूस चांगला होता," बाई म्हणाल्या. "म्हनून तं राग येते. पाटी लिहिणाऱ्यानं त्यालेबी लहान केलं."

मी विचारलं, मग आजवर इथे आलात का नाही?

"म्हटलं, बाकी ठिकाणी पाहू. कुठंतरी, एकातरी घरात, एका सारवणारीचं नाव असन. मंग इथं येऊन सांगू, पाहा, तिकडे लिहिलं हाये, तुमीबी लिहा." त्यांनी टॉर्च काढला. "कुठंच नाई भेटलं."

कोपऱ्यात धान्याची बांबूची कणगी होती, पुरुषभर उंच, गळ्यात चिठ्ठी: ‘मूळ जागी. हात लावू नये.’ बाईंनी हात लावला. नुसता लावला नाही, मलाही लावायला लावला. आम्ही दोघांनी ती रिकामी कणगी वीतभर सरकवली आणि बाईंनी मागच्या भिंतीवर टॉर्च आडवा धरला. सरळ झोतात नुसती काळपट भिंत दिसत होती. आडव्या उजेडात बोटांचे फराटे उठून दिसले, एकावर एक, अर्धगोल, ओळीने खाली उतरत गेलेले.

"कणगी इथं बसवली तवा मी उंबऱ्यावर होती," बाई म्हणाल्या. "माय सारवून उठली, वाळलं, अन् कणगी ठेवली. मंग मागं हात कोनाचा जाईन? तुमचा उजवा पंजा लावा इथं."

लावला. बोटं फराट्याच्या उलट दिशेला जात होती.

"आता डावा."

डावा पंजा त्या रेघांवरून सहज खाली उतरला. पुढे, चुलीजवळ, नेहमीच्या सारवणाचे नवे फराटे होते, ते सगळे उजव्या हाताचे. बाई म्हणाल्या, "डावखुरी होती माय. लोक हसत. सासूनं हात बांधून ठेवला होता म्हने एक महिना. मंगबी डाव्यानंच."

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाई म्हणाल्या, भाऊ, फोटो काढा, मी टॉर्च आडवा धरते, तुमचा तो फ्लॅश बंद करा. तेव्हा पावणेसहा झाले होते, मंगलाचे दोन फोन येऊन गेले होते, डास चावत होते, आणि मी वैतागलो होतो. फ्लॅश कसा बंद करायचा ते शोधत बसायला मला नको होतं. मी दोन फोटो काढले, ‘आले फोटो’ म्हटलं, फोन खिशात घातला. ते फोटो माझ्याजवळ आहेत अजून. भिंतीच्या जागी पांढरा झोत आहे आणि एका कडेला माझा अंगठा.

समितीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. माणूस सज्जन, आणि सज्जन माणसाशी भांडणं फार कठीण. बाईंनी अर्ज दिला: पाटीवरील ‘एक हरिजन भगिनी’ हे शब्द काढून तेथे ‘चंद्रभागाबाई सदाशिव थूल’ असे नाव लिहावे. गुरुजींनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "बाई, भावना समजते. पण उद्या कोणीही येईल, माझी आजी इथे भांडी घासत होती म्हणेल. पुरावा पाहिजे."

"पुरावा भिंतीवर आहे," बाई छापील मराठीत म्हणाल्या. "समितीने येऊन पाहावा."

समिती एका सभेत ठरवते आणि दुसऱ्या सभेत तारीख काढते. मधल्या दोन महिन्यांत बाईंनी मला किती वेळा तिथे नेलं त्याची मोजदाद नको. दर खेपेला अभिप्राय वहीत एक पान. फोनमधले फोटो एकदा उघडून पाहावेत, हे मात्र माझ्या मनात आलं नाही. शेवटी तारीख ठरली. पाच सदस्य येऊन भिंत पाहणार.

त्या घराची झाडलोट आणि सारवण रेखा करते. गावातलीच, तिशीतली, हसतमुख. गुरुजी नसले तर आलेल्या माणसाला घरही तीच दाखवते. गुरुजींनी तिला आदल्या दिवशी सांगितलं, उद्या मंडळी येणार आहेत, कणगी बाजूला काढून ठेव, सगळं नीट कर. आता आपल्याकडे मंडळी येणार म्हटल्यावर सारवतात. हे कोणाला सांगावं लागत नाही आणि कोणाला ‘करू नको’ असं सांगायचंही सुचत नाही. बाईंना सुचलं नाही, गुरुजींना सुचलं नाही, मला तर नाहीच.

आम्ही पोचलो तर घर शेणाच्या ओल्या वासाने भरलेलं. रेखा पदराने कपाळ पुसत समोर आली. "बाई, तुमच्यासाठी मागचा कोपराबी करून ठेवला. कितीक वर्सांपासून कोनी हात नव्हता लावला तिथं. दोन हात मारले, तवा कुठं बसलं."

बाई आत गेल्या. टॉर्च काढला, आडवा धरला. भिंत गुळगुळीत, ओली, आणि तिच्यावर रेखाच्या उजव्या हाताचे सुरेख फराटे. पाच सदस्य मागे ओळीने उभे होते. मला वाटलं आता बाई बोलतील, आणि एकदा तरी त्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी टॉर्च बंद केला. रेखाकडे वळून म्हणाल्या, "चांगलं सारवलं. नाव काय तुझं, पूर्ण?"

तिने सांगितलं. बाईंनी ते अभिप्राय वहीत लिहिलं: आज येथे सारवण यांनी केले. त्या दिवशी एवढंच लिहिलं.

सदस्यांनी चहा घेतला. मी माझ्या फोनमधले फोटो दाखवले. एक जण म्हणाला, हा अंगठा कोणाचा? नंतर गुरुजींचं पत्र आलं. त्यात खेद होता, आदर होता, आणि निर्णय होता. पुराव्याअभावी नाव घालता येत नाही. परंतु मजकुराबद्दल वाद उत्पन्न झाल्याने तो वादग्रस्त मजकूर काढून टाकण्यात येत आहे.

म्हणजे आधी निदान ‘एक’ तरी होती. आता तीही गेली. पाटीवर राहिलं, ‘वकीलसाहेब अस्पृश्यता मानत नसत,’ आणि खाली चार बोटं कोरी जागा. मी पत्र घेऊन गुरुजींशी भांडायला निघालो होतो. मंगला म्हणाली, "तुमी काऊन जाता? तुमाले तं फोटोबी काढता आला नाई." तीन रविवार बेल वाजली नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी आठ वाजता फाटकाशी जाऊन उगाच पेपर वाचत उभा राहत असे.

चौथ्या रविवारी बेल वाजली. "गाडी मोकळी हाये का?"

वकीलसाहेबांच्या घरी रेखा सारवत होती. दर पंधरा दिवसांनी सारवते. बाईंनी बूट काढले, बांगड्या वर सारल्या आणि तिच्याजवळचं घमेलं ओढलं. "तो कणगीमागचा कोपरा आज मी करते." आणि पंचाहत्तरीच्या त्या बाईंनी खाली बसून डावा हात शेणात घातला. बाई स्वतः उजव्या हाताच्या. चाळीस वर्षं फळ्यावर उजव्या हाताने लिहिलेलं. डाव्या हाताचा पहिला फराटा वाकडा गेला, दुसरा त्याहून वाकडा, आणि तिसऱ्याला तोल जाऊन बाई मागे बसल्या. मी धरायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊ, उजेडातून बाजूले सरका."

रेखाने थोडा वेळ पाहिलं. तिला आतापर्यंत सगळं कळलं होतं, गावात काय लपतं. आपल्या हाताने काय पुसलं गेलं, ते तिच्या चेहऱ्यावर बसलेलं होतं. "सरका बाई," ती म्हणाली. "मले सांगा कसं कराचं. मी करते."

पुढे ते पंधरवड्याचं काम झालं. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात टॉर्च. रेखा कोपऱ्यात, डाव्या हाताने. बाईंनी तिला किती छळलं ते मी पाहिलं आहे. "कोपर उचल. मनगटातून नाई, खांद्यातून. पुन्हा कर. पुसून टाक ते." बाकीचं अख्खं घर रेखा तासाभरात करी, त्या एका कोपऱ्याला अर्धा तास जाई. ती कुरकुर करायची, हात दुखते म्हणायची, डाव्यानं जेवता तरी येत नाई अन् तुमी सारवाले लावता म्हणायची. पण बाईंचा पाय दुखून त्या एकदा येऊ शकल्या नाहीत, तर पुढच्या खेपेला कोपरा उलट्या फराट्यांचाच होता. समितीला पत्ता लागला नाही. गुरुजी येत, पाट्या सरळ करत, खुर्चीवरची धूळ झटकत. भिंतीकडे कमरेखाली कोणी बघत नाही. कणगी मात्र कोणी परत मागे सरकवली नव्हती, ती बाजूलाच राहिली.

मी एकदा गाडीत विचारलं, बाई, पण यातून निघालं काय? नाव तर लागलं नाही.

बाई फुटाणे खात होत्या. "गाडी चालवा," म्हणाल्या.

बाईंना तिथे शेवटचं पाहिलं तो मार्चमधला रविवार. एप्रिलमध्ये त्या गेल्या, झोपेतच, आणि त्यांची शबनम अजून त्यांच्या घरच्या खुंटीला आहे. त्या दिवशी ऊन उतरायला लागलं होतं. रेखा कोपऱ्यात बसलेली, बाई खुर्चीवर, मी दाराशी, उजेडात येणार नाही असा. हिंगणघाटहून एक कुटुंब घर बघायला आलं होतं. त्यांनी खुर्ची बघितली, चरखा बघितला, पाटी वाचली, आणि त्यातली सून स्वयंपाकघरात शिरून थबकली. ती घरी सारवणारी असावी, कारण तिने भिंतीकडे बघितलं, मग चुलीकडच्या भिंतीकडे, मग पुन्हा इकडे.

"ताई, हा कोपरा असा उलटा काऊन दिसते?"

मला वाटलं आता बाई सुरू होतील. टेप निघेल, छप्पन साल निघेल, मी मनाशी संध्याकाळच्या चहावर पाणी सोडलं. पण बाईंनी टॉर्च नुसता धरून ठेवला. रेखा हात न थांबवता म्हणाली, "थो चंद्रभागाबाईचा कोपरा हाये."

"कोन चंद्रभागाबाई?"

"पयले इथं सारवत होती. डावखुरी होती. हे घर तिनंच सारवलेलं हाये."

"पूर्ण नाव," खुर्चीवरून आवाज आला. वर्गातला, लाल पेनचा.

रेखाने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. दंडाने कपाळावरचे केस सारले. "चंद्रभागाबाई सदाशिव थूल," ती म्हणाली.

"हो काय," म्हणत ती सून खाली बसली आणि जवळून बघू लागली.

बाईंनी टॉर्च बंद करून शबनममध्ये टाकला. बूट घातले. खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. अभिप्राय वही दाराजवळच उघडी होती, तिच्यावरून त्या तशाच पुढे गेल्या.

"भाऊ, चला आता," म्हणाल्या.

घर बंद व्हायला अजून एक तास होता.